धुलाईघराचं नाक

"नाकाला बोलवा गं! कुठं गेलं आपलं नाक?"

इस्पितळाच्या धुलाईघरात, वाफेच्या पांढऱ्या पडद्याआडून मुकादमीणबाईंची ही हाक यायची. मग हातातलं पिळणं टाकून ती धावायची. धुतलेल्या चादरींवर वाकून एक लांब श्वास घ्यायची आणि सांगायची, "ह्या परत घाला. मळ गेलाय, दुखणं नाही गेलं." बायका खिदळायच्या, पण चादरी पुन्हा पाण्यात पडायच्या. मुकादमीणबाईंना जाऊन बराच काळ लोटला, धुलाईघरात सगळी यंत्रं आली, ती स्वतः केव्हाच घरी बसली; हाक मात्र कानातून गेली नव्हती. आज सकाळी ओट्यापाशी ती पुन्हा ऐकू आली, कारण लेकीनं तिच्या हातात एक खरबूज ठेवलं होतं आणि विचारलं होतं,

"वास घेऊन सांग ना आई. आत्ता कापू, का उद्यावर ठेवू?"

तिनं खरबूज नाकाशी नेलं. सवयीनं डोळे मिटले. श्वास आत गेला तो कोरा, नुसता गार, रिकाम्या घरात कुणी शिरावं तसा.

"काप," ती म्हणाली.

लेकीनं सुरी चालवली. आतून फिकट हिरवं, करकरीत. एक फोड चावून लेकीनं तोंड वाकडं केलं. "काकडी आहे नुसती! तुझं असं कधी होत नाही गं."

"खरबूजच लबाड निघालं मेलं. नाकाला फसवायला बसलंय."

लेक हसली. हसून झाल्यावरही क्षणभर आईकडे बघत राहिली. तिनं पाठ फिरवली आणि नसलेला चहा गाळायला घेतला.

थंडीत तिला ताप आला होता. अंगावरच काढला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, येईल परत. मग ती घरभर त्याला शोधत फिरली. कांदा चिरून बघितला, साबणाची वडी हुंगली, रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. शेवटी एका दुपारी ट्रंक उघडून नवऱ्याचा जुना कोट काढला. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या कोटाच्या कॉलरपाशी तंबाखू आणि पाऊस मिळून तो बसलेला असे. तिनं तोंड खुपसलं. लोकरच लागली गालाला. खरखरीत, कुणाचीही. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि त्या दिवशीच तिनं ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही.

आता तर सांगणं शक्यच नव्हतं, सोमवार जवळ आला होता. सोमवारपासून लेक कामावर रुजू होणार होती. टपालखात्यात, पत्रं लावायच्या विभागात. बाळंतपणानंतर सुटलेली नोकरी मोठ्या मिनतवारीनं परत मिळाली होती. प्रश्न होता भिंगरीचा. भिंगरी म्हणजे लेकीची लेक, तीन वर्षांची, एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. चौकात एक पाळणाघर होतं. तिथं एक जागा लेकीनं बोलून ठेवली होती. आणि एक आजी होती.

"आज दिवसभर बघते आई, मग सांगते त्यांना," लेक आल्या आल्या म्हणाली होती. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण तू एकटी असतेस, वय झालं, आणि ही पोरगी म्हणजे..."

"बघ की. मी कुठं नाही म्हणतेय," आजी म्हणाली. आणि मनातल्या मनात तिनं पदर खोचला.

थंडी सरून उन्हं तापू लागली की ह्या घरात एक दिवस घर उलटंपालटं करायचा असे. आजीनंच ती रीत पाडलेली. रजया, स्वेटर, लोकरी शाली गॅलरीत उन्हात टाकायच्या. संत्र्याची वाळलेली सालं आणि लवंगा जुन्या मोज्यांत भरून त्यांच्या पुरचुंड्या शिवायच्या; त्या कपड्यांच्या घड्यांत ठेवल्या की कसर फिरकत नाही. पुदिना उकळून त्याचं पाणी बाटल्यांत भरायचं, ते दुपारी थंडगार प्यायचं. आणि मेण, जवसाचं तेल नि टर्पेंटाइन एकत्र करून लाकडी सामानाला हातानं पॉलिश करायचं. सगळं घरचं. दुकानातलं काही नाही. त्या दिवशी घराला जो वास सुटायचा, त्याला नाव नव्हतं. लेक लहानपणी म्हणायची, "आई, आज घर नवीन झालं."

आजही सगळं तसंच मांडलं होतं. फक्त आजी आता नाकाऐवजी बाकीच्या सगळ्या अंगानं घर चालवत होती. गॅसच्या नळीला रोज सकाळी साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला नाही की शेगडी पेटवायची. फळ अंगठ्यानं दाबायचं. (खरबुजाला अंगठा लागू होत नाही, हे आज कळलं.) पातेलं चढवलं की समोरून हलायचं नाही. पुदिना झाला की नाही ते पाण्याच्या रंगावरून. आणि दुधासाठी तिनं चक्क एक नोकर ठेवला होता: जिन्यातलं भुरं मांजर. सकाळी बशीत चमचाभर दूध ओतायचं. मांजरानं जीभ लावली तर दूध चांगलं. हुंगून शेपटी फिरवली तर मोरीत.

"आजी, मांजर आधी का पितं?" भिंगरीनं विचारलं. ती बशीशेजारी पोटावर पालथी पडून मांजराच्या मिशा बघत होती.

"पाहुणं आहे ना ते. पाहुण्यांना आधी."

"मी पण पाहुणीच आहे!"

"तू कशाची पाहुणी? तू तर मालकीण."

लेक दारात उभी होती. तिनं बशी बघितली, मांजर बघितलं. "आई, ही काय नवीन थेरं? भटकं मांजर घरात? पोरगी हात लावते त्याला."

"आजच्या दिवस," आजी पुटपुटली आणि तिनं बशी उचलली. मांजराचं दूध अर्धंच पिऊन झालं होतं. दूध चांगलं होतं. एवढं कळलं, पुष्कळ झालं.

तेवढ्यात समोरच्या खोलीतली शिंपीण आली, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत धरूनच बोलायची तिची सवय. "हे घे गं, पोरीला झबलं शिवलंय उरलेल्या तुकड्याचं. आणि हे बघ, मी सुद्धा केल्या तुझ्यासारख्या पुरचुंड्या. ओळख बरं काय घातलंय?" तिनं एक पुरचुंडी आजीच्या नाकाखाली धरली.

लेक बघत होती. जावई पायरीवर बसून मेण किसत होता, तोही मान वर करून बघायला लागला.

आजीनं श्वास घेतला. शिंपिणीच्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडेला पिवळट हिरवी भुकटी होती. "पाला आहे कसला तरी," ती सावकाश म्हणाली. "कडू."

"कडुनिंब! बघा, आहे की नाही!" शिंपीण टाळी वाजवून म्हणाली. "अगं, तुझं नाक सरकारजमा करायला हवं."

आजी हसली. पाठीवरून घामाचा ओघळ गेला.

"आई, ती टॉवेलांची गोष्ट सांगा ना," जावई म्हणाला. तो मोठा मायाळू माणूस, बसच्या डेपोत तिकिटांची यंत्रं दुरुस्त करायचा; सासूच्या हाताखाली काम करायची त्याला हौस होती. "इस्पितळातली."

"तीच ती काय सांगायची..."

"मी सांगते," लेक म्हणाली. तिला ती पाठ होती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातले तेलकट टॉवेल धुऊन, गरम यंत्रात वाळवून, गरमच ढीग रचून ठेवले होते. बायका जेवायला बसल्या. आणि आई घास तोंडाशी नेता नेता थांबली. म्हणाली, काहीतरी करपतंय. कुणाला काही येईना वास. ही उठली, ढिगात हात घातला, तर आतले टॉवेल काळे पडलेले. अजून थोडा वेळ गेला असता तर धुलाईघर आणि त्याच्यावरचा बाळंतिणींचा वॉर्ड...

"जाऊ दे गं," आजी म्हणाली.

"जाऊ दे काय? म्हणून तर मला वाटतं, भिंगरीला तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांभाळणार." लेक हे सहज बोलून गेली. पण आजीनं ते वाक्य उचललं आणि पोटाशी धरून ठेवलं.

पॉलिश चांगलं झालं. जुन्या सुती चिंध्या त्यात बुडवून तिनं नि जावयानं दुपारपर्यंत टेबल, कपाट, दाराच्या चौकटी चोळल्या. लाकूड आतून दिवा लावल्यासारखं झालं. भिंगरीला एका खुर्चीचा एकच पाय दिला होता. तिनं तो आणि स्वतःचे दोन्ही गुडघे चकचकीत केले.

"जावईबापू, चिंध्या पसरून वाळत घाला हं," आजीनं आतून सांगितलं. "गोळा करून ठेवू नका. तेलाच्या आहेत, आतल्या आत तापतात."

"हो हो आई."

त्यानं दोरीकडे बघितलं. दोरीवर शाली, स्वेटर, रजया, तीळभर जागा नव्हती. बायकोनं नुकतीच तंबी दिली होती, माझ्या पांढऱ्या शालीला डाग पडला तर बघा. म्हणून त्यानं चिंध्या नीट गुंडाळून गॅलरीच्या कोपऱ्यातल्या वेताच्या टोपलीत घातल्या, जुन्या उशांच्या अभ्र्यांखाली. दिसायला नकोत, घर कसं छान आवरलेलं दिसावं. संध्याकाळी जागा झाली की घालू. मग तो ते विसरला.

दर वर्षी आजी सगळं आवरून झाल्यावर एक फेरी मारायची. फेरी पायांची नसे, नाकाची असे; दारात उभी राहून एकदा घर आत ओढून घ्यायची, की कुठं काय राहिलंय ते कळायचं. आजही ती दारात उभी राहिली. घर आत आलं नाही. घर आपल्या जागी गप्प राहिलं.

"आम्ही जरा बाजारात जाऊन येतो," लेक म्हणाली. ऑफिसला घालायला बूट घ्यायचे होते. चपला घालताना ती दोनदा थांबली. "राहाल ना गं दोघी? पहिल्यांदाच सोडतेय तिला अशी. फोन जवळ ठेव. शेगडी बंद आहे ना?"

"जा गं बाई. तुला पण मीच वाढवलंय."

दार लागलं. घरात दोघीच उरल्या आणि आजीला वाटलं, हाच तो सोमवार. असेच सगळे सोमवार. एक चिमुकला श्वास घरात असेल, तर वास असला काय, नसला काय.

गॅलरीत उन्हानं तापलेली गादी होती, तिच्यावर रजया. जगात ह्याच्याइतकं सुख कशात नाही, असं आजीला लहानपणापासून वाटे: तापलेल्या रजईत शिरायचं आणि डोळे मिटायचे. दोघी शिरल्या. वर जुनी चादर बांधून सावली केलेली. भिंगरीनं थोडा वेळ लाथा झाडल्या, एक बोट आजीच्या कानात घातलं, मग ढिली पडली. आजी हळूच गुणगुणली, आपल्या आईकडून आलेल्या चालीवर, शब्द वेळेवर सुचतील ते:

ऊन आलं पाहुणं गं, बसलं रजईत
निजली माझी भिंगरी आजीच्या कुशीत
ऊन गेलं माघारी गं, ठेवून गेलं ऊब
लेकीच्या लेकीपाशी मी गं झाले चूप

सकाळपासूनचा ताण हातापायांतून उतरला. तिनं डोळे मिटले. झोपली नाही, फक्त मिटले.

"आजी," भिंगरी झोपेत असल्यासारखं म्हणाली. "वास येतोय."

आजीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. सगळी थंडी ती हेच करत आली होती. फुलांना, साबणाला, शिंपिणीच्या कालवणाला, पावाच्या भट्टीवरून जाताना. कुणीही 'वास येतोय' म्हणो, ती लगेच 'छान येतोय' म्हणायची. आताही जीभ आपोआप वळली.

"हो गं. छान येतोय."

"छान नाही," भिंगरी म्हणाली. मग तिनं तोंड रजईत खुपसलं.

ऊन सरकलं. मांजर जिन्यातून वर आलं, गॅलरीच्या उंबऱ्यावर थबकलं, पाठीची कमान करून मागे फिरलं. आजीनं ते अर्ध्या डोळ्यांनी बघितलं. दूध हुंगून तोंड फिरवावं तसं. कशाला फिरलं? इथं तर दूध नाही.

भिंगरी खोकली.

आजी उठून बसली. चादरीच्या सावलीत, उन्हाच्या तिरक्या पट्ट्यात, काहीतरी निळसर सावकाश वर जात होतं, सुतासारखं, कुणी न दिसणारं माणूस बसून कातत असावं तसं. ते टोपलीतून निघत होतं. टोपली भिंगरीच्या पायांपासून हातभर.

तिनं आधी पोर उचलली. रजईसकट उचलली, आत नेऊन पलंगावर टाकली, दार ओढलं. मग परत आली. अभ्रे बाजूला केले मात्र, हवा लागली आणि आतला काळा गोळा भसकन पेटला. रजईची कड तिथंच लोंबत होती, वर चादर, दोरीवर घरभरची लोकर. ती ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो. तिनं पेटती टोपली दोन्ही हातांनी धरली, वेत तळव्याला चिकटला तसा धरला, आणि मोरीत स्वेटर भिजत घातलेल्या टबात उलटी केली. चर्रर झालं. वाफ उठली, पांढरी, दाट. त्या वाफेत ती उभी राहिली आणि मग भाजलेले तळवे तिनं त्याच टबात बुडवले.

लेक आणि जावई आले तेव्हा धूर जिन्यापर्यंत गेला होता. लेक बुटांचा खोका टाकून धावली. मागून शिंपीण, तोंडात टाचण्या तशाच. आत भिंगरी पलंगावर रजईत बसून रडत होती, नाक काजळलेलं, बाकी धड. लेकीनं तिला उलटंसुलटं करून बघितलं, बोटं मोजावीत तशी. मग टबातल्या काळ्या चिंध्या बघितल्या.

"ह्या टोपलीत कुणी घातल्या?"

जावई पांढराफटक पडला होता. "मी. दोरीवर जागा नव्हती म्हणून..."

"आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला! माझ्यासमोर सांगितलं होतं! माझी पोर तिथं झोपली होती हो, तिथं!" तिचा आवाज फाटला. तो उंबऱ्यावर खाली बसला आणि स्वतःच्या तेलकट हातांकडे बघत राहिला.

"तो बिचारा मुद्दाम का करेल," शिंपीण म्हणाली. आता तिनं टाचण्या काढल्या होत्या. "आणि हिचं नाक होतं म्हणून निभावलं. दुसरी कुणी असती ना, घोरत पडली असती."

"मी म्हटलं होतं, वास येतोय," भिंगरी हुंदक्यातून म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

लेक आईजवळ आली. आईनं तळवे टबातल्या पाण्यात धरून ठेवले होते. लेकीनं त्या पाण्यातच आपले हात घातले. "मी वेडी आहे गं," ती म्हणाली. "सकाळपासून तुझी परीक्षा घेत बसले. मांजर काय, खरबूज काय. पाळणाघरात कुणाला आला असता वास? कुणाला?" तिनं डोळे पुसले, हात पुसले, फोन काढला. "संपलं. आत्ताच कळवते त्यांना. सोमवारपासून भिंगरी तुझ्याकडे. रोज. आता पुन्हा विषय नाही."

आजीनं भिंगरीकडे बघितलं. ती रजईतून उतरून आली होती आणि टबाच्या कडेला हनुवटी टेकून आजीचे लाल हात बघत होती. उंबऱ्यावर जावई अजून तसाच बसलेला. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, ह्या घटकेपुरतं, मग सगळे सोमवार तिचे होते. इतके महिने जमलं होतं.

फोनवर पलीकडून कुणीतरी 'हॅलो' म्हणालं.

"ठेव तो," आजी म्हणाली.

"काय गं? दुखतंय का फार?"

"फोन ठेव. त्यांची जागा सोडू नकोस." तिनं पाण्यातून हात काढले नाहीत. "आणि त्याला बोलू नकोस. चिंध्या त्यानं ठेवल्या, पण बाजूला मी होते. मला वास आला नाही. थंडीत ताप आला ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. धूर डोळ्यांनी दिसला तेव्हा उठले मी. पोरीनं त्याच्या किती आधी सांगितलं होतं, आजी, वास येतोय. मी म्हटलं, हो गं, छान येतोय."